आदल्या दुपारची हार

१

त्याला सगळे खांब म्हणत. चौदा लढती लढला होता, चौदाही जिंकला होता, आणि एवढ्या लढतींत त्याची पाठ एकदाही रिंगच्या कॅनव्हासला लागली नव्हती. नाव त्यालाही आवडायचं. खांबाला उभं राहण्यापलीकडे काम नसतं, आणि उभं राहणं त्याला येत होतं.

आतली गोष्ट वेगळी होती. मार खायला तो कधी भ्यायला नाही. ठोसा लागतो, सुजतो, आठवड्यात उतरतो. तो भ्यायचा हरायला. मेव्हण्याशी पत्ते खेळताना डाव हातचा जायला लागला की याला नेमकी तहान लागायची, आणि पाणी पिऊन आल्यावर याला खेळायचंच नसायचं. बायकोशी भांडण झालं तर चूक कुणाची का असेना, पहिला शब्द तिनंच बोलायचा. लढतीची तारीख ठरली की त्याचं जेवण अर्ध्यावर यायचं आणि बोलणं बंद व्हायचं.

यावर मास्तरांकडे एक उपाय होता. मास्तर म्हणजे त्याला मुष्टियुद्ध शिकवणारे, वय त्रेसष्ट, नाक तीनदा मोडलेलं. टायरच्या गोदामावरच्या लांबट हॉलमध्ये त्यांची तालीम चालायची. लढतीच्या आदल्या दुपारी ते हॉलला आतून कडी घालत, खांबाला रिंगच्या मधोमध पालथं पडायला सांगत आणि शेजारी वाकून, रेफरी मोजतो तसे, दहा आकडे मोजत. डोळे मिटायचे, डावा हात पोटाखाली घ्यायचा, कोसळलेल्या माणसाचा राहतो तसा. दहा झाले की लढत हरली. मग उठायचं, उजवीकडच्या दोऱ्यांतून उतरायचं, मागं वळून बघायचं नाही, सरळ घर गाठायचं. मास्तर पंधरा मिनिटं मागं थांबत आणि मग कुलूप लावून निघत.

"हार पाहुण्यासारखी असते," ते म्हणत. "आदल्या दिवशीच बोलावून, जेवू घालून वाटेला लावली की दुसऱ्या दिवशी दारात उभी राहत नाही."

ऐकणारा हसेल. पहिल्यांदा खांबही हसला होता. पण दहा ऐकून उठलं की अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो रिंगमध्ये निवांत मनानं पाय ठेवायचा. चौदा वेळा तसंच झालं. आता पंधराव्यांदा समोर होता तो डावखुरा. बावीस वर्षांचा, लांब हातांचा आणि तोही कधी न हरलेला. खांब चौतिशीला आला होता. या वयात हरलेल्याला कुणी दुसरी तारीख देत नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

२

लढतीला बारा दिवस उरले होते. खांब कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेट उचलायचं काम करायचा. सकाळी सहाला आत, साडेतीनला बाहेर, आणि चारच्या ठोक्याला तालमीत. त्या बुधवारीही तो चारला आला, बूट बदलले आणि हाताला पट्ट्या गुंडाळायला खिडकीपाशी बसला.

मागच्या खिडकीला एक दोरी बांधलेली होती. ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या लांब पट्ट्या पोरं धुऊन तिथं वाळत घालत. सगळ्या पट्ट्या दिसायला सारख्या, म्हणून प्रत्येकानं टोकाला खूण केलेली. कुणाची गाठ, कुणाचं बटण. खांबाच्या पट्ट्यांना बायकोनं लाल दोऱ्याची फुली घातली होती.

दोरीवर लाल फुलीची जोडी वाळत होती. टोकातून पाणी ठिबकत होतं.

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताला अर्धी पट्टी गुंडाळून झाली होती. कोरडी, लाल फुलीची. डावी पिशवीत होती, तीही कोरडी. त्यानं उठून दोरीवरची जोडी खाली ओढली आणि शेजारी शेजारी धरली. फुलीचे टाके तेच, जरासे उजवीकडे कललेले. बायकोचा हात तो. मधल्या बोटाच्या हाडापाशी त्याची पट्टी नेहमी विरायची, तशी हीसुद्धा तिथंच विरली होती. वाळत घालायच्या आधी कुणीतरी ही महिनोन्‌महिने वापरली होती.

"मास्तर, या कुणाच्या?"

मास्तर एका पोराचं पायांचं काम बघत होते. त्यांनी मान वळवली, पट्ट्या पाहिल्या आणि परत पोराच्या पायांकडे बघायला लागले.

"असतील कुणाच्या तरी. तू दोरीच्या उड्या घे. अंग थंड पडेल."

तेवीस वर्षं मास्तर त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलले होते. आज बोलले नाहीत. खांबानं ओली जोडी पिशवीत कोंबली आणि उड्या मारायला लागला, पण मोजणी दोनदा चुकली.

३

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मंगळवारी दुकान बंद, म्हणून मंगळवारी ती दिवसभर घरी असे. बुधवारी संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि चक्क गुणगुणत होती. गुणगुणणं त्या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू येत होतं.

त्यानं ओल्या पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या. "ही जोडी कधी शिवलीस?"

"वेड पांघरतोस का? मागच्याच वर्षी नाही का? तूच सुई ओवून दिलीस की! वर मला हसलास. म्हणे चष्म्याच्या दुकानात काम करते आणि हिला दोरा दिसत नाही."

"मी?"

"नाही, तुझा मेव्हणा!" ती हसली. मग घडी अर्धवट ठेवून त्याच्याजवळ बसली. "एक सांगू? काल दुपारी तू आलास ना, फार बरं वाटलं मला. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणालास, मला भीती वाटते. म्हणालास, मी हरणार आहे गं. रडलास, ते तर... मी कुणाला सांगणार नाही, घाबरू नकोस. पण असा येत जा अधूनमधून. नाहीतर लढती आल्या की घरात भिंतच उभी असते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळलेला होता. काल मंगळवार. काल दुपारी तो उणे तापमानाच्या खोलीत क्रेट लावत होता. बोटं अजून ठणकत होती.

तो मी नव्हतो, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्यानं म्हणवेना. म्हटलं असतं तर तो उजळलेला चेहरा पडला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे ती त्याच्याकडे बघून मनात तुलना करायला लागली असती. पुरुषाला सवतीमत्सर होत नाही असं म्हणतात. त्या संध्याकाळी त्याला झाला, आणि कुणाचा झाला हे त्याला सांगता येईना.

"हो," तो म्हणाला. "येईन."

दुसऱ्या दिवशी त्यानं डोकं शांत ठेवून विचार केला. चौदा लढतींत डोक्यावर ठोसे काही कमी बसले नव्हते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बजावलं होतं की विसरायला होईल, वेळेचं भान सुटेल, घाबरू नका पण लपवूही नका. तेच असणार. कामावरून मधेच निघून घरी गेलो असेन, रडलो असेन, आणि विसरलो असेन. असला आजारही त्याला चालला असता. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकावरच्या वॉचमनकडे गेला आणि मंगळवारचं पान बघायला मागितलं. आत सहा, बाहेर साडेतीन, दोन्हीकडे त्याची सही.

"मधे बाहेर गेलो होतो का रे मी?"

"तू?" वॉचमन म्हणाला. "तू तर जेवायलासुद्धा बाहेर येत नाहीस. मंगळवारी दोन वाजता मीच तुला चहा आणून दिला की आत. प्यायलाही नाहीस धड."

४

पुढच्या मंगळवारी त्यानं अर्धी रजा टाकली. तालीम चारला उघडायची. तो दीडलाच टायरच्या गोदामाशी पोचला. खाली रबराचा वास कोंदला होता आणि हमाल जेवून टायरांवरच लवंडले होते. तो जिना चढायला लागला.

अर्ध्या जिन्यात त्याला पॅडचा आवाज आला. मास्तर हातात पॅड धरतात आणि समोरचा त्यावर ठोसे मारतो, तो आवाज. दोन हलके, एक जरा थांबून, मग पोटात वळणारा जड. ठोशाबरोबर नाकातून सुटणारा "हुं". खांब जिन्यातच थांबला. माणसाला स्वतःची चाल ओळखू येत नाही म्हणतात, पण स्वतःचा ठोसा ओळखू येतो. ती सगळी वाजवणी त्याची होती. फक्त शेवटचा ठोसा तो नेहमी जोरात मारायचा, आणि हा मारणारा हलक्या हातानं मारत होता.

"छान," आतून मास्तर म्हणाले. "छान, बाळा. घाई नाही. लागलं तर लागलं. श्वास घे."

खांबाला मास्तरांनी तेवीस वर्षांत कधी बाळा म्हटलं नव्हतं. वडील वारल्यावर तो या माणसाच्या आसऱ्यानं मोठा झाला होता, आणि हा आवाज त्यानं कुणा दुसऱ्यासाठी जपून ठेवला होता.

त्यानं दार ढकललं. आतून कडी होती. तो दारावर थाप मारत राहिला. आवाज थांबला. मग कडी सरकली आणि मास्तरांनी दार उघडलं. हातात पॅड, बनियन घामानं चिकटलेलं.

"कोण आहे आत?"

"मी आहे."

"मास्तर, मी बहिरा नाही."

मास्तर बाजूला झाले. हॉल रिकामा होता. दुसरं दार नव्हतं, खिडक्यांना गज होते, आणि कपाटात तर ग्लोव्ह्जच मावत नव्हते. पण रिंगच्या उजवीकडच्या दोऱ्या अजून हलत होत्या. बाकावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही अर्ध्या. खांब रिंगवर चढला. मधोमध कॅनव्हास ओला होता. पालथ्या पडलेल्या माणसाच्या अंगाएवढा ओला, आणि डावीकडे जिथं हाताची खूण उमटायला हवी होती, तिथं काही नव्हतं. हात पोटाखाली होता. त्यानं वाकून तळहात टेकवला. कॅनव्हास कोमट होता.

"माझ्या मागं थांबून तुम्ही पंधरा मिनिटं काय करता?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मास्तर पॅड काढत होते. काढून झाले तरी हाताकडेच बघत राहिले.

"तू उठून जातोस," ते म्हणाले. "मागं वळून बघत नाहीस, मीच शिकवलंय तसं. पण पडलेल्या माणसाला असंच टाकून कसं जायचं रे? पहिल्या वेळी मीही जाणार होतो. पायच निघेना."

"माझ्या बायकोला माहीत आहे?"

मास्तरांनी बाकावरची दुसरी बाटली उचलून आड ठेवली. त्याला उत्तर मिळालं. खांब खाली उतरला आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीला मनात म्हणत गेला, की या वेळी आडवं व्हायचं नाही. मास्तर म्हातारे झालेत, मला मेंदूचा त्रास आहे, आणि कॅनव्हास उन्हानं तापला असेल. हॉलच्या खिडक्या उत्तरेला होत्या, तिकडून ऊन येत नसे. हे त्याला रस्त्यावर आल्यावर आठवलं.

५

आडवं व्हायचं नाही हा निश्चय आदल्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. मग डावखुऱ्याचे हात दिसायला लागले. तोंड धुताना दिसले, ताटावर बसल्यावर दिसले. घास घशाखाली उतरेना. ज्या एका गोष्टीनं चौदा वेळा तारलं होतं ती टाळून रिंगमध्ये उतरायचं, म्हणजे हार सोबत घेऊनच उतरायचं. दोन वाजता तो तालमीच्या जिन्यात होता. आपले पाय आपल्याला कसे घेऊन आले, याचा त्याला रागही आला नाही. फक्त उद्या हरायचं नव्हतं. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता.

हॉलमध्ये बाकावर बायको बसली होती. आठ वर्षांत ती तालमीची पायरी चढली नव्हती. मांडीवर त्याचा निळा शर्ट होता, नीट इस्त्री केलेला.

"तू इथं?"

"मास्तरांनी बोलावलं," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडे पाहतात तसं. कणव होती, ओळखही होती, पण आपलं माणूस दुसऱ्या खाटेवर होतं.

"मी आडवा होणार नाही, मास्तर."

"नको होऊस," मास्तर लगेच म्हणाले. "बळजबरी नाही. घरी जा, झोप. उद्या नवाला ये."

त्यांनी जोर केला असता तर खांब निघून गेला असता. त्यांनी केला नाही. तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला, मग रिंगवर चढला, पालथा पडला आणि डावा हात पोटाखाली घेतला. खालचा कॅनव्हास आधीच कोमट होता.

"एक," मास्तर म्हणाले.

नेहमीसारखंच होतं. दोन. तीन. गोदामात कुणीतरी टायर आपटला. चौथ्या आकड्याला त्याच्या डावीकडची, कॅनव्हासखालची फळी किंचित दबली, कुणी अंगाखालून हात काढून टेकवावा तशी. मास्तर गुडघा बदलत असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. पण मास्तरांचा आवाज उजवीकडून येत होता.

"पाच."

नाकातून सुटलेला श्वास. त्याचा नव्हता, त्यानं श्वास धरला होता.

"सहा. सात."

फळी सुटली. अंगावरचं सगळं वजन एकदम वाढलं. पाठीवर कुणी बसलं नव्हतं, तरी वाढलं.

"सावकाश," बायको म्हणाली. त्याला नाही म्हणाली.

"आठ," मास्तर म्हणाले. आवाज कापला. "नऊ."

खांब दहाची वाट बघत राहिला. दहा ऐकल्यावर उठायचं, हे त्याच्या पायांना चौदा वेळा शिकवलेलं होतं. त्याआधी उठलेला माणूस हरलेला नसतो, मग तीच हार उद्या दारात येते. उजवीकडच्या दोऱ्या करकरल्या. खाली लाकडी जमिनीवर अनवाणी पावलं पडली, जरा अडखळत. मास्तरांचे गुडघे उठताना वाजले. मग बायको हसली, हळू, लग्नाच्या पहिल्या वर्षात हसायची तशी.

त्यानं डोळा उघडला. एक गाल खाली दाबला गेला होता म्हणून एकच उघडला. दार उघडं होतं. बायको पाठमोरी होती आणि कुणाची तरी कॉलर सारखी करत होती. तिच्या खांद्यापलीकडे निळ्या शर्टाची एक बाही दिसली, आणि एक कान, वर्षानुवर्षं मार खाऊन सुजलेला. चेहरा दाराआड होता. बाहीतला हात उठला आणि तिनं तो धरला.

"मास्तर," खांब म्हणाला. "दहा."

मास्तरांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला.

६

त्याला बांधलं नव्हतं. काही दुखत नव्हतं. बोटं हलत होती, मान वळत होती. उठता मात्र येत नव्हतं. डॉक्टर म्हणालेच होते, वेळेचं भान सुटेल. उतरेल हे, असं त्यानं स्वतःला कितीदा तरी सांगितलं. उजेड गेला, परत आला. लढतीच्या दिवशी संध्याकाळी खाली गोदामात हमालांनी रेडिओ लावला, आणि सगळे एकदम ओरडले. आनंदानं ओरडले की हळहळले, ते लाकडी जमिनीतून कळेना. त्यानं कान कॅनव्हासला दाबून धरला. चौदा लढतींत निकाल ऐकायला तो इतका कधी तळमळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले. हातात बादली होती आणि फडकं. ते रिंगवर चढले आणि त्याच्याशेजारी बसले. आता ते त्याच्याकडे बघू शकत होते.

"काय झालं?" खांबानं विचारलं.

"पाचव्या फेरीत पडला. दहा मोजून झाले तरी पडूनच होता."

"हरला."

"हरला."

खांबानं डोळे मिटले. याच एका गोष्टीच्या भीतीनं तो जन्मभर जागा राहिला होता. "मग?"

"मग उठला. डावखुऱ्याला मिठी मारली. कोपऱ्यात आला, बायको त्याचं नाक पुसत होती. मला म्हणाला, 'मास्तर, एवढंच असतं होय?'" मास्तर जरासे हसले. "पब्लिकनं टाळ्या वाजवल्या त्याला. घरी जाऊन पोटभर जेवला म्हणे. सकाळी कामावर गेलाय."

"ते माझं घर आहे. ती माझी बायको आहे, मास्तर."

"आहे ना."

"तुम्ही मला पोरासारखं वाढवलंत."

"वाढवलं," मास्तर म्हणाले. "दोघांनाही."

"मग दहा म्हणा. एकदाच म्हणा. मी उठतो, कुठंही जातो, तिला तोंडसुद्धा दाखवत नाही. हरलो म्हणून सांगा सगळ्यांना. मी हरलो, मास्तर. ऐकताय ना? मीच म्हणतोय."

मास्तरांनी फडकं बादलीत बुडवलं आणि पिळलं. मोडलेल्या नाकातून त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. कपाट न हलवता फरशी पुसावी, तसं त्यांनी त्याच्या डोक्यापासून सुरुवात करून कॅनव्हास पुसायला घेतला.

"तू कुठं हरलास?" ते म्हणाले. "तू एकदाही हरला नाहीस, बाळा."

मग त्यांनी त्याचा उजवा हात उचलला, खालची जागा पुसली आणि हात होता तसा परत ठेवला.